कफनाच्या गाठी

जावा बेटावरच्या सेमारांगच्या टॉकीजला नवा भुताचा सिनेमा लागला, तशी वारसिनी नणंदेला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर कफनात बांधलेलं भूत उड्या मारत आलं, पोरी किंचाळल्या. तिला मात्र त्या कफनात भुताचं काम केलेल्या नवऱ्याचा झुकलेला डावा खांदा दिसला. पुरताना कफनाच्या गाठी सोडल्या नाहीत तर माणूस असाच भटकतो, म्हणून शूटिंगला प्रत्येक शॉटनंतर तीच त्याच्या गाठी सोडायची. “अगं, मी जिवंत आहे,” तो हसायचा. “असू दे. खोटं खोटंसुद्धा बांधलेलं राहू नये.” शूटिंग संपलं आणि पाठोपाठ साथीत तो गेला. दवाखान्यातून बंद पेटी परस्परच पुरली गेली. आतल्या गाठी कुणी सोडल्या का, तिने दारोदार विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमा संपला, दिवे लागले. “वहिनी, चल ना.” वारसिनी जागची हलली नाही. “थांब जरा,” ती म्हणाली. “त्यांच्या गाठी सोडायच्यात.”