कपाळाचं माप

शिंपिणीनं काळ्या कापडाचे तुकडे टेबलावर पुन्हा एकदा मांडून पाहिले. पाचच होते. व्रतं घेणाऱ्या मुली होत्या सहा.

तिचा बाप शिंपी, म्हणून धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्या मुलींच्या त्या घरात तिचं नावच शिंपीण पडलं होतं. येत्या रविवारी त्यांची पहिली व्रतं. डोक्यावरचं पांढरं शिरोवस्त्र उतरायचं आणि काळं चढायचं. ते शिवायचं काम तिचं. कापड मात्र घराच्या प्रमुख मदरांनी स्वतः कापून आणलं होतं.

"मदर, एक तुकडा कमी आहे," ती सकाळी म्हणाली होती.

"कमी नाही." मदर तोवर दाराकडे वळल्या होत्या. "मी एकेकीला माप द्यायला पाठवते. जी येईल तिचं शिवायचं. आणि कुणाशी बोलायचं नाही."

म्हणजे एकीला घरी पाठवणार. तसं इथे तोंडानं कुणी सांगत नसे. बाकीच्या प्रार्थनेला बसल्या की ती मागच्या दारानं जायची. जेवताना बाकावर सगळ्या एकेक जागा पुढे सरकायच्या, आणि डाळ वाढणारीचा हात क्षणभर थांबून पुढे जायचा. बस्स.

चिमणीच असणार. मौनाच्या वेळी फिदीफिदी हसणारी, ध्यानाला बसल्या बसल्या पेंगणारी, बश्या फोडणारी चिमणी. शिंपिणीला या घरात जिवाभावाची म्हणावी अशी तेवढीच एक. 'प्रभू, तिला राहू दे,' ती पुटपुटली आणि मापाची फीत गळ्यात टाकून उभी राहिली.

आधी थोरली आली. "कपाळपट्टी घट्ट करू नकोस गं बाई, माझं डोकं आधीच उठलेलं असतं." मग पूर्वी शाळेत शिकवणारी मास्तरीण, ती फळ्यासमोर उभी राहावी तशी ताठ उभी राहिली आणि माप झाल्यावर "नीट बघितलंस ना?" म्हणून गेली. मग एकमेकींवाचून पान न हलणाऱ्या त्या दोघी, एक आत आणि एक दाराबाहेर, नंतर दुसरी आत आणि पहिली बाहेर.

त्यानंतर कुणी आलं नाही.

शिंपिणीनं बरीच वाट पाहिली. टेबलावरचं ऊन सरकत भिंतीवर गेलं. उरलेला तुकडा म्हणजे आपला, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला हुश्श वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. चिमणीसाठी तिनं कमरेला खोचलेल्या रुमालानं डोळे टिपले. मग फीत स्वतःच्या कपाळाभोवती गुंडाळली, खडूनं खूण केली आणि कात्री चालवली.

पट्टी कापून सुटली तोच दार धाडकन उघडलं.

"मेले गं बाई धावून!" चिमणीच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. "मला वाटलं, मदर मला विसरल्याच. भांडी घासत होते, तर येऊन नुसत्या उभ्या. म्हटलं, झालं, आता बांधा आपलं बोचकं. तर म्हणाल्या, जा, माप देऊन ये."

शिंपीण कात्री हातात धरून तशीच उभी.

"अशी काय बघतेस भूत बघितल्यासारखी? घे की माप!"

शिंपिणीनं कापलेली पट्टी उचलली आणि चिमणीच्या कपाळावर धरली. पट्टी बरोबर बसली.

"अगंबाई! माप न घेताच?" चिमणी खिडकीच्या काचेत स्वतःला इकडून तिकडून बघू लागली. या घरात आरसा नव्हता. "हात आहेत की काय तुझे! आई तर रविवारी मला ओळखणारच नाही बघ."

"हलू नकोस. टाचणी टोचेल."

"आणि तुझं कुठंय?"

"माझं शेवटी."

"शेवटी, शेवटी करत बस, आणि रविवारी सगळ्यांसमोर उभी राहा उघड्या डोक्यानं." चिमणीनं ओल्या हातानं तिचा गाल ओढला आणि आली तशी पळाली. गालावर फेस राहिला. शिंपिणीनं तो पुसला नाही.

थोड्या वेळानं मदर आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"सकाळीच सांगायचं होतं तुला. दोनदा दारापर्यंत आले."

"माझं काय चुकलं, मदर?"

"चुकलं काहीच नाही, पोरी." मदर टेबलावरच्या कापडाकडे बघत राहिल्या. "तुझे हात इथे रमले. तू काही रमली नाहीस."

शिंपिणीनं खडू उचलून डबीत ठेवला.

"कधी?"

"उद्या. सगळ्या सकाळच्या प्रार्थनेला गेल्या की."

"चिमणीला..."

"तिला मी सांगेन."

या घरात असं कुणी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते दोघींनाही ठाऊक होतं.

"ठेव ते आता," मदर म्हणाल्या. "राहिलेलं दुसरी कुणी शिवेल."

"नको. दुसरीच्या हातून कड तिरकी जाते." शिंपिणीनं चिमणीचं कापड मांडीवर ओढलं. "हे तिला आयुष्यभर घालायचंय."

तिनं सुई घेतली. काळा दोरा ओठांत ओला केला, पिळला, नेढ्याशी नेला. तो बाजूनं निसटला. पुन्हा निसटला.

मदरांनी हात पुढे करून तिच्याकडून सुईदोरा घेतला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि सुई खिडकीसमोर धरली. उजेड चांगला लख्ख होता.

त्यांनाही दोरा ओवता येईना.