तिजोरीतला चमचा

"माझे पैसे परत द्या," शिवराम गुरव काउंटरवर म्हणाले. ते कुपवाडचे निवृत्त फिटर. "दोन वर्षांत माझ्या शोधाला एक गिऱ्हाईक नाही. आणि शोध काय होता, तेही मला आठवत नाही."

आठवणार नव्हतंच. गुपित फुटू नये म्हणून शोध विकून देणारी ही कंपनी संशोधकाच्या डोक्यातून कल्पनाच काढून घेई आणि तिजोरीत ठेवी. पुढे ती कुणी उघडत नसे. 'अपूर्व' असा शेरा मारून शिवरामांची सही काउंटरमागच्या मृणालनेच घेतली होती.

"पैसे मिळतील," ती म्हणाली. "कल्पना परत देता येत नाही."

"ती ठेवा हो तुम्हालाच. मंडळींचे हात थरथरतात, घास तोंडापर्यंत पोचत नाही. तिच्या औषधाला पैसे हवेत."

त्यांनी सहीच्या वेळी दाखवलेला चमचा मृणालने आठवून कागदावर काढला. दांड्यात स्प्रिंग, वाटीखाली वजन.

"असा करून बघा. हात हलला तरी घास सांडणार नाही."

शिवराम कागदाकडे बघतच राहिले.

"बाई, केवढं डोकं तुमचं! कसं सुचलं हो?"

'तुम्हालाच सुचलं होतं,' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"सुचलं असंच," ती म्हणाली.

त्यांनी तिला हात जोडले.