बिनकडीची दारं

संपादकांनी शेवटचं चित्रही बघून पालथं ठेवलं. सगळ्या चित्रांत कुंड्या होत्या. कुंडीत झाड, झाडाला फूल, फुलाला नीट मोजून काढल्यासारख्या पाकळ्या. भाऊ मांडीवर हात ठेवून समोर बसला होता, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

छान आहेत, असं संपादक म्हणाले. भाऊ खुशीत चहा टाकायला आत गेला, तेव्हा त्यांनी ताईकडे वळून आवाज खाली आणला.

"पण हा तो राहिला नाही, ताई. अशा कुंड्या कुणीही काढेल. गोळ्या थोड्या कमी करता येतात का, डॉक्टरांना विचारून बघा ना."

माणूस दुष्ट नव्हता. इंटरनेटवर ते एकट्याच्या जिवावर मासिक चालवायचे. कुणाची जाहिरात नाही, कुणाची देणगी नाही. ज्यांना कुठेच थारा नाही त्यांना तिथे जागा मिळायची: चित्रकला कधी न शिकलेले चित्रकार, वेड्यांच्या इस्पितळातले कवी, गल्लीने टिंगल करून करून गप्प केलेले गाणारे. अशा माणसांवर संपादकांचा फार जीव. फक्त ती बरी झालेली त्यांना चालत नसत.

भावाची दारं त्यांनीच पहिल्यांदा छापली. आजारात भाऊ पुठ्ठ्यांवर कोळशाने दारं काढायचा, दारामागे दार, आणि एकालाही कडी नाही. काढलेलं त्याला नंतर आठवायचं नाही. आपलीच चित्रं तो परक्याची असावीत तशी बघत बसायचा. संपादकांनी त्या दारांवर लांबलचक लेख लिहिला, त्यात जन्मापासून मरणापर्यंत सगळं आलं. ताईला एवढंच माहीत होतं की भावाला ज्या वॉर्डात ठेवायचे, तिथल्या दारांना कड्या फक्त बाहेरून होत्या.

पुढे गोळी बदलली आणि भाऊ माणसात आला. झोपू लागला, हसू लागला, खोक्यांच्या कारखान्यात कामाला लागला. संध्याकाळी आल्यावर स्वतःचा डबा स्वतः घासायचा. एकदा डबा घासता घासताच त्याने ताईला सांगितलं होतं, मला परत त्या वॉर्डात पाठवू नकोस. ताईने शब्द दिला होता.

म्हणून गोळ्यांचं नाव निघताच तिला घाम फुटला. हा भला माणूस उद्या भावाच्या कानाशीही तेच बोलला तर? भाऊ त्याला देव मानायचा.

ताई कपडे दुरुस्तीच्या दुकानात रफूचं काम करायची. फाटक्या जागी मूळच्या विणीसारखे धागे भरायचे, आणि भरल्याचं कुणाच्या लक्षात येता कामा नये. तिच्या हातचं रफू गिऱ्हाइकाला शोधूनही सापडत नसे. सुट्टीच्या दिवशी भाऊ बाहेर गेल्यावर तिने पुठ्ठा घेतला, कोळसा घेतला आणि दार काढलं. भावाची रेघ जिथे थरथरायची तिथे तिने आपली थरथरवली. कडी काढली नाही. चित्र पाठवून संपादकांना तिने कळवलं की तो पुन्हा लपूनछपून काढतोय, पण त्याच्याकडे विषय काढू नका, बिथरतो.

उत्तर लगेच आलं. अंगावर काटा आला, हे शहाण्या माणसाचं काम नव्हे, आता त्याला जपा.

काम झालं होतं. संपादक गप्प झाले, गोळ्या चालू राहिल्या. तिथेच थांबायचं ना. पण मासिकात आलेल्या त्या चित्राखाली लोकांनी लिहिलेलं तिने दुकानात बसून वाचलं, सुई कापडात तशीच टोचलेली ठेवून. आधीच्या दारांपेक्षा हे खोल आहे, असं एकाने लिहिलं होतं. हे दार बघून मी रडले, असं एकीने. आयुष्यभर तिचं काम दिसलं नाही हीच तिची शाबासकी होती. आता कुणीतरी बघून रडलं होतं.

तिने दुसरं दार काढलं. मग आणखी काढली. ती आता संपादकांसाठी नव्हती आणि भावासाठी तर नव्हतीच.

एके दिवशी भाऊ दुपारीच घरी आला. कारखान्यातल्या मुकादमाने सगळ्यांदेखत त्याचं अभिनंदन केलं होतं, मासिकाचं पान फोनवर उघडून. भावाने तेच पान ताईपुढे धरलं. दारं होती. खाली त्याचं नाव होतं.

"ही मी कधी काढली, ताई?"

ताई शिलाईचं सामान ठेवायच्या खणाकडे बघत राहिली. खणात एक दार अर्धवट होतं.

भाऊ बोलत सुटला. गोळी तर तो रोज घेतो, तिच्यासमोरच घेतो. तरी एकही रेघ आठवत नाही. काही आठवेनासं झालं की घरी थांबायचं नाही, लगेच दाखल व्हायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बोलता बोलता त्याने पिशवीत टॉवेल घातला, दोन शर्ट घातले. मग तो थांबला.

"की दुसऱ्याच कुणाची आहेत? खरं सांग. तू पाहिलंस मला काढताना?"

तो आशेने तिच्याकडे बघत होता. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उद्या संपादकांनाही कळलं असतं, आणि शहाण्या बाईची दारं त्या मासिकात बसत नव्हती.

"हो," ताई म्हणाली. "पाहिलं."