सत्तर लिटरची सॅक

माणूस कुठे निघालाय हे कळल्याशिवाय त्याला सॅक विकू नये, असं मुनव्वरचं तत्त्व होतं. सॅक म्हणजे पाठीवरचं घर, असं तो कर्जत स्टेशनाबाहेरच्या आपल्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. बहुतेक गिऱ्हाइकं हिमालय म्हणायची, त्या मानानं महागातली सॅक घ्यायची आणि माथेरानला वडापाव खाऊन परत यायची. तत्त्वाला त्यानं बाध येत नसे.

त्या मंगळवारी सकाळपासून पाऊस लागलेला होता आणि दुकानात आलं ते एकच जोडपं. नामा आणि भागूबाई. खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका वाडीतलं. दोघांत मिळून एक छत्री.

"सगळ्यात मोठी दाखवा, शेट," नामा म्हणाला. "टिकाऊ. पान्यात भिजली नाय पायजे."

"कुठला ट्रेक, दादा?"

"शाळंत."

मुनव्वरनं दप्तरांच्या रांगेकडे हात केला. नामानं मान हलवली.

"पोरांचं नाय वो. आमालाच जायाचंय. तलाठी सांगून गेलं, जोराचा पाऊस लागला का वाडी सोडायची आनि खालच्या शाळंत जाऊन ऱ्हायाचं. डोंगराचा भरवसा नाय म्हनं."

"गेल्या साली पन नव्हता," भागूबाई म्हणाली. "त्याच्या आदल्या सालीबी नव्हता. दुसरीकडं घरं देतो म्हनलं. तवर सामान बांधून ठेवा म्हनलं."

मुनव्वरनं सत्तर लिटरची काढली. तोंड सवयीनं सुरू झालं. कापड फाटत नाही. बुटांना खाली वेगळा कप्पा. वरून पावसाचं कव्हर. कमरेला पट्टा, म्हणजे खांद्यावर भार येत नाही. छातीच्या पट्ट्याला शिट्टी, कुठं अडकलात तर...

तो थांबला आणि आधीच बंद असलेली एक चेन त्यानं बंद केली.

"वाजवायची," भागूबाईनं वाक्य पुरं केलं. "फुडं सांगा."

पुढे सांगण्यासारखं फार नव्हतं. सॅक पाठीला कशी बसते ते भरल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुनव्वर काउंटरखाली तांदळाच्या पिशव्या ठेवायचा. त्या त्यानं एकेक करून आत कोंबल्या.

"ह्यो तांदूळ संगं येतो का?"

"नाही दादा, तो नुसता वजनाला."

"वाटलंच," नामा म्हणाला आणि सॅक चढवली.

मुनव्वरनं पट्टे आवळून दिले. नामा दुकानातून एक चक्कर मारून आला, गुडघ्यावर बसला, उठला. त्याचा चेहरा उजळला.

"वजन कळतच नाय गं! समदं बसंल ह्यात. गोधड्या, टोप, कागदं, चुलीम्होरचं समदं. कोंबड्या तेवढ्या ऱ्हातील."

भागूबाई त्याच्याभोवती फिरली, बाजारात बैल बघतात तशी. पट्टे ओढून पाहिले, शिवण चाचपली.

"ब्येस हाय," ती म्हणाली. "आनि आत्याबाईंना कुठं घ्याल?"

नामा जागच्या जागी थबकला.

आत्याबाई म्हणजे कोंडी, नामाची आई. तिचे पाय गेलेले होते. मागच्या पावसात नामानंच तिला पाठुंगळी घेऊन उतार उतरवला होता, आणि तिनं सगळी वाट घराची कडी लावली का, हे विचारलं होतं. हे त्यानं मुनव्वरला सॅक न काढताच सांगितलं.

"पाठ एकच हाय तुमची," भागूबाई म्हणाली.

नामानं हात मागं नेऊन सॅक चाचपली.

"शेट, ह्यात मानूस बसंल का? हलकी हाय ती. काय ऱ्हायलंच नाय अंगावर."

मुनव्वरला आजवर गिऱ्हाइकांनी पुष्कळ काय काय विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यानं 'बसतं ना' असंच सांगितलं होतं.

"नाही दादा. पट्टे त्यासाठी नसतात."

"काढा," भागूबाई म्हणाली. "माज्या पाठीला बघू."

तिच्या पाठीवर सॅक गेली तेव्हा मागून नुसती सॅक दिसत होती आणि खाली दोन पावलं. तिनं एक पाऊल टाकलं आणि काउंटर धरला. त्यात लेकीला, अक्षदाला, कडेवर घ्यायचं होतं. पोर चालती होती, पण अंधारात, चिखलात, उतारावर नाही.

मुनव्वरनं लहानातली काढली, आणि तांदळाच्या पिशव्या मोठीतून तिच्यात भरायला लागला.

"गोधड्या ऱ्हाऊ दे," भागूबाई म्हणाली. त्यानं एक पिशवी बाजूला ठेवली.

"टोप ऱ्हाऊ दे." दुसरी ठेवली.

"आनि खायाला?" नामानं विचारलं.

तिनं तिसऱ्या पिशवीकडे बोट केलं. मुनव्वरनं तिसरीही बाजूला ठेवली.

शेवटी कागदपत्रं, आत्याबाईंची औषधं आणि पोरीचे कपडे एवढ्यापुरती सॅक उरली. ती भागूबाईच्या पाठीला बरोबर बसली. खरं तर कॉलेजच्या पोरी घेऊन जातात तसली होती ती, जांभळी.

सॅक बांधून देताना मुनव्वरला वाटलं, काहीतरी बरं बोलावं.

"पण शाळा पक्की आहे ना?"

"एकदम पक्की," नामा म्हणाला. "वर स्लॅब हाय. औंदा पंखं बी लावलं."

"मग झालं तर. एकदा तिथं पोचलात की काळजी नाही. रात्री उघडी असते ना?"

"नाय. चावी गुरुजींकडं ऱ्हाते."

"आणि गुरुजी?"

"बदलापूरला."

भागूबाईनं छत्री उघडली. दोघं पायरी उतरून गेली.

जोराचा पाऊस झाला की बदलापूरहून कर्जतकडे गाडी येत नाही.