कोपऱ्यातलं टेबल

"माझी लेक काय उंदीर आहे, तिच्यावर प्रयोग करायला?"

शाळेची बस चालवणाऱ्या बाईचा आवाज तो. अख्ख्या वॉर्डात घुमला. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसणाऱ्या ताईंचं मागणं तसं साधंच होतं. तिची लेक चिमणी घेत होती ते औषध मुलांचं कधी थांबवता येईल, या संशोधनासाठी घरी गेल्यावरही दर तपासणीला चिमणीचं थोडं जास्तीचं रक्त हवं होतं. ताईंनी संमतीचा कागद निमूट मागे घेतला. "नको तर नको. उपचारात काही फरक पडणार नाही," एवढंच म्हणाल्या.

फरक पडलाही नाही. चिमणीच्या रक्तातला आजार हटला. कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या आईच्या जिवात जीव आला. घरी जायच्या दिवशी पोरगी खाटेवर उड्या मारत होती आणि आई दिसेल त्याचे आभार मानत सुटली होती. लिफ्टवालासुद्धा सुटला नाही. शेवटी तिने डॉक्टरांना गाठलं.

"देवासारखे भेटलात," ती म्हणाली.

डॉक्टर संकोचले. "मी फक्त ठरलेली मात्रा दिली. आभार मानायचेच तर टेबलाशी बसतात त्या ताईंचे माना."

"त्यांना तर मी वाट्टेल ते बोलले."

"सगळेच बोलतात. मुलं मिळत नाहीत, म्हणून ते संशोधन आता बंद होतंय."

"पण आभार कशाबद्दल?"

"ते त्यांनाच विचारा."

ताई कागदांचा गठ्ठा बांधत होत्या.

"तेव्हा माझं तोंड सुटलं, मनावर घेऊ नका," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, तुमचे आभार मान. का, ते तरी सांगा."

ताई किंचित हसल्या. "हे औषध नवं होतं, तेव्हा लहान मुलांना किती द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला काही आया तयार झाल्या. मी त्यांतली एक."

आईला भरून आलं. कोण कुठली ही बाई, हिने स्वतःचं लेकरू पुढे केलं म्हणून आपलं घरी चाललंय. तिने ताईंचे दोन्ही हात धरले. मग खुर्ची ओढून बसली.

"सोडा तो गठ्ठा. मला पुन्हा नीट समजावून सांगा, मी सही करते," ती म्हणाली आणि कौतुकाने विचारलं, "तुमचं लेकरू आता केवढं झालं?"

ताईंनी एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

"त्याला मात्रा कमी पडली," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्या लेकीला पुरेशी मिळाली."