साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन

“तो फोटो आधी काढून टाक,” चष्मेवाला म्हणाला. “मग काय ते बोल.”

लेकीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्यानं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?”

“आईच्या कॉफीलाही तुम्ही हेच म्हणायचात.”

“तिला म्हणायचो ते वेगळं.”

फोटो काल दुपारचा होता. बायकोचे थोरले भाऊ, दादा, राहायला आले होते. जेवणं होत आली तेव्हा लेकीनं ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला फोन टेकवला, टायमर लावला आणि पळत येऊन दोघांच्या मधे बसली. आई गेल्यापासून घरात काढलेला हा पहिलाच फोटो. तिनं तो सगळ्या नातेवाइकांना दिसेल असा टाकला. सकाळी त्याच्याखाली मावशीचं वाक्य आलं होतं, ‘बरं चाललंय म्हणायचं तुमचं!’

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते त्याला लागलं. फोटोत चष्मेवाला हसत होता. नुसता हसत नव्हता, सगळे दात दाखवून हसत होता. जन्मभर लोकांच्या नाकावर चष्मे सरळ बसवणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचा चष्मा एका कानावरून घसरलेला. बायको गेल्यावर हसायचं नाही, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच ठरवलं होतं. दुकानात गिऱ्हाईक काही गमतीचं बोललं, की तो खाली मान घालून काच पुसत बसायचा. तिच्यासाठी आता एवढंच करण्यासारखं उरलं होतं. तेवढंही त्याला धड जमलं नव्हतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

“मावशीचं काय मनावर घेता?” लेक म्हणाली. “तिला कधी कुणाचं बरं बघवलंय?”

“ती बोलली. बाकीचे मनातल्या मनात म्हणाले असतील.”

“म्हणू देत. मी नाही काढणार. इतक्या महिन्यांत या एका फोटोत तुम्ही माणसासारखे दिसताय, बाबा. नाहीतर मी घरात पुतळ्याबरोबर राहतेय.”

त्यानं फोन पुढे ओढला.

“मी काही उगाच हसलो नाही. तूच काहीतरी बोललीस.”

“मी? मी पळत आले होते, मला धाप लागली होती.”

“मग दादा बोलले.”

मामा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बिस्किट बुडवत बसले होते. ते बिस्किट कॉफीत पडू नये, एवढीच त्यांना काळजी.

“मामांनी काल जेवताना तोंड उघडलं ते फक्त घासासाठी,” लेक म्हणाली.

“मग फोटोत तू कशाला हसतेयस?”

लेकीनं ओट्यावरचा फडका उचलला, त्याची घडी घातली, परत उलगडला.

“तुम्ही आईची नक्कल केलीत म्हणून.”

“मी?”

“‘हसा की जरा, हसायला पैसे पडत नाहीत.’ अगदी तिच्यासारखं म्हणालात. मला इतकं बरं वाटलं, बाबा. म्हणून तर फोटो टाकला.”

घरातले सगळे फोटो आईच काढायची, त्यामुळे ती स्वतः जवळजवळ कुठल्याच फोटोत नव्हती. बटण दाबण्याआधी तिचं हे वाक्य ठरलेलं असायचं.

चष्मेवाल्यानं कप खाली ठेवला.

“मी काहीच बोललो नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू नक्कल केलीस.”

फ्रिजची घरघर मधेच थांबली. ओट्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

“कान वाजले असतील,” चष्मेवाला म्हणाला. “इतकी वर्षं तेच ऐकलं. कॅमेऱ्यापुढे बसलं की वाजणारच.”

“दोघांचेही? एकदम?”

“सवय गं. दुसरं काय असणार?”

लेकीनं मान डोलावली. तिला ते पटवून घ्यायचं होतं. त्यालाही. तिनं फोन उचलला. फोटो काढून टाकावा असं आता तिलाही वाटू लागलं होतं. तिचं बोट त्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

“आणि मामा?” ती हळूच म्हणाली.

फोटोत मामाही हसत होते. त्यांचे डोळे फोनकडे नव्हते. फोनच्या बरेच वर, उभ्या माणसाचा चेहरा असेल तिथे ते बघत होते. मामांची उभी हयात छापखान्याच्या खडखडाटात गेली होती, त्यातच कान गेले होते. कानातलं मशीन काढलं, की शेजारी भिंत कोसळली तरी त्यांना पत्ता लागत नसे. जेवताना ते मशीन काढूनच ठेवत, स्वतःच्याच चावण्याचा आवाज नको म्हणून. फोटोत ते ताटाशेजारी पडलेलं स्पष्ट दिसत होतं.

लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो त्यांच्यापुढे धरला आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, “मामा, तुम्ही काल कशाला हसलात?”

मामांनी फोटो पाहिला. मग भाचीकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे. एरवी ते बोलले की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आज त्यांचा आवाज इतका खाली आला, की ऐकायला दोघांना वाकावं लागलं.

“तुझी आई हसली, म्हणून हसलो. मला वाटलं, ती मला एकट्यालाच दिसली.”