परवानगी नाकारली

परवीन फिजिओथेरपिस्ट होती. जळोचीहून स्कूटरवर कन्हेरीपर्यंत फिरून ती घरोघरी पेशंटांचे व्यायाम करून घ्यायची. सगळ्यांचे पत्ते आणि वेळा तिच्या जुन्या डिजिटल डायरीत होत्या. डायरीची बॅटरी मरायला टेकली होती आणि ती संपली की आतलं सगळं पुसलं जाणार होतं. म्हणून ते उतरवून घ्यायला भावानं बसवून दिलेल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला तिनं डायरी जोडली, तर स्क्रीनवर दर वेळी एकच उत्तर यायचं : परवानगी नाकारली.

"डबडं हाय ते, फेक उकिरड्यावर," नवरा शाहिद खेकसला. "पेशंट गेलं तर गेलं. घरात तरी बसशील."

"तुमाला तेच पायजे," परवीन फणकारली.

शेवटी शाहिदच उठला. त्यानं दोनदा केबल बदलून बघितली आणि "न्हाय जमत" म्हणून हात झटकले.

परवीननं इंदापूरला धाकट्या भावाला, आरिफला, फोन लावला. तो सांगत गेला तसं ती टाइप करत गेली.

"आपा, डायरीबी चांगली हाय आन् केबलबी," आरिफ म्हणाला. "तुझ्या नावाला डायरी उघडायची परवानगी मी स्वतः देऊन गेलो हुतो. ती कुणीतरी मेन पासवर्ड टाकून काढलीया. आन् तो पासवर्ड मी फक्त शाहिदभाईंना सांगितला हुता."

परवीननं वळून बघितलं. शाहिदनं टीव्हीचा आवाज वाढवला.



"आरिफ," ती म्हणाली, "आता कॉम्प्युटरवरनं त्याचं नाव कसं काढून टाकायचं, तेवढं सांग."